कुणाचा तवा कुणाकडे

नोव्हेंबर सरता सरता आमच्या गावाचा सूर्य
दक्षिणेच्या डोंगरामागे जाऊन बसतो, तो बसतोच.
दोन महिने.
भर दुपारीही फ्योर्डचं पाणी
दौतीत उरलेल्या शाईसारखं.
मुलं दिव्याखाली येतात, दिव्याखाली जातात,
आणि मी, दानुता, शाळेची स्वयंपाकीण,
बावीस वर्षं त्यांना मासे-बटाटे वाढते आहे.

जानेवारीच्या अखेरीस तो परततो.
चार मिनिटं. घाईतल्या पाहुण्यासारखा, बूट न काढता.
त्या दिवशी इथं पातळ धिरडी करतात,
साखर भुरभुरून, गुंडाळून, कॉफीबरोबर.
आइसलँडची रीत. आम्ही बाहेरून आलेल्यांनी शिकून घेतली,
बर्फावर चालणं शिकलो तशीच: पडून.

गेल्या वर्षी भिंतीवर झेंडे लावले होते.
सतरा झेंडे, खाली सतरा खुर्च्या.
धाकटा आर्नी दोन खुर्च्यांच्या मधे
उभाच राहिला
(आई थायलंडची, बाप इथला कोळी)
आणि शेवटी म्हणाला, मी पाय कुठं ठेवू?

यंदा मुख्याध्यापिका स्टेइनुन म्हणाली,
झेंडे राहू देत कपाटात.
घरचा तवा आणा.

आले तवे.
माझा बिडाचा, सासूच्या स्वभावाइतका जड.
आर्नीच्या आईचा खळग्याखळग्यांचा,
नारळाच्या दुधाचे घास भाजायला.
आणि यालतीच्या पणजीचा, ज्याला म्हणे
साबण कधी लागलाच नाही.
हे सांगताना तिची मान ताठ, आमची नाकं मुरडलेली.
माझ्या बटाट्याच्या धिरड्यांकडे बघून ती म्हातारी म्हणाली,
हे काही धिरडं नव्हे.
मी म्हटलं, मग खाऊ नका.
तिनं तीन खाल्ली.

आनालिन सप्टेंबरात आली, फिलिपिन्सच्या कुठल्याशा बेटावरून.
आई कारखान्यात मासळी कापते.
चार महिने वर्गात एक शब्द नाही.
बाई वहीत लिहायच्या: शांत आहे.
ती शांतता मला ठाऊक आहे.
पहिली दोन वर्षं मीही फक्त पातेल्यांशी बोलले.
म्हणून तिला काही विचारलं नाही,
पीठ ढवळायला डाव दिला.

एक वाजायला आला.
अकरा शेगड्या, अकरा तवे,
सगळ्यांची भिस्त भिंतीतल्या एका जुन्या वायरीवर.
फट्.
दिवे गेले. खोली निळी झाली.
शिपाई थोर्लाकुर शिव्या देत जिना चढला,
चार भाषांतल्या शिव्या; त्या मात्र तो
सगळ्यांकडून मन लावून शिकलाय.

काचांवर वाफ दाटलेली.
आनालिननं बाहीनं वाटीएवढा गोल पुसला,
डोळा लावला,
आणि ओरडली:
आदलाव!

शब्द कुणालाच येत नव्हता.
अर्थ कुणीच विचारला नाही.
धावलो, नुसत्या मोज्यांनी, पिठाळ हातांनी,
म्हातारी काठी विसरून,
कुणाचं तरी धिरडं तव्यावर करपत ठेवून.

समोरच्या उतारावरून एक पिवळी रेघ
कब्रस्तान ओलांडून, मासळीच्या गोदामावरून
सरकत आली शाळेच्या पायरीपर्यंत.
आर्नीनं खाली पाहिलं.
दोन्ही पाय तिच्यात होते.

चार मिनिटं. मग पुन्हा डोंगर.
वरून थोर्लाकुर विचारत राहिला,
आले का दिवे?
अरे, आले का?

आवरताना तव्यांचा घोळ झाला.
माझा बिडाचा कुणाच्या घरी गेला, कळलं नाही.
माझ्या पिशवीत निघाला सात खळग्यांचा.
आर्नीची आई म्हणते, तिच्याला नऊ होते.
फळ्यावर दोनदा चिठ्ठी लावली. आता लावत नाही.

रविवारी त्यात बटाट्याचं पीठ घालते.
चिकटतं अजून.